फूटपाथच का जिंकतो? अमेरिकेतल्या शहरांच्या घर-वस्ती निधीचा प्राधान्यक्रम

न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये राहणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या घरी टाउनशिपकडून एक कार्ड आलं: पुढच्या पाच वर्षांसाठी केंद्र सरकारच्या घर आणि वस्ती विकास निधीचा आराखडा तयार होतोय, खालच्या गरजांना १ ते ५ क्रमांक द्या. परवडणारी घरं, रस्ते-फूटपाथ, ज्येष्ठांच्या सेवा, बेघरांची सोय, बागा. ताईंचे सासू-सासरे सत्तरीपलीकडचे. कॉम्प्लेक्समधून लायब्ररी दिसते, पण मधला चौक ओलांडताना सासऱ्यांचा वॉकर फूटपाथच्या कडेला अडतो. ताई विचारतात: हे कार्ड म्हणजे नुसता देखावा आहे का? जाहीर सुनावणीला जाऊन काही होतं का? आणि आमच्या मंडळाला या पैशांतून ज्येष्ठांसाठी हॉल मिळेल का?

मी बावीस वर्षं अशाच एका मध्यम शहराच्या कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्यात काढली. असली कार्डं मीच छापून घेतली आणि परत आलेली मीच मोजली, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो. कार्डाने फार काही होत नाही. सुनावणीने होतं, पण पहिल्या. मंडळाचा हॉल जवळजवळ अशक्य. सासऱ्यांचा चौक मात्र होण्यासारखा आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सहज.

आधी पैसा कुठला ते बघू. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने अर्बन रिन्यूअल, मॉडेल सिटीज अशा सुट्या योजना एकत्र करून एक ठोक अनुदान सुरू झालं, तेच सीडीबीजी, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट. वॉशिंग्टनने रक्कम द्यायची, खर्च कशावर ते शहराने ठरवायचं. सोबत घरबांधणीसाठी ‘होम’, बेघरांसाठी ईएसजी आणि एचआयव्हीग्रस्तांच्या घरांसाठी हॉपवा. चारही अनुदानं केंद्राचं गृहनिर्माण खातं देतं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार सगळे ‘हड’ असा करतात, मीही तसंच लिहितो. १९९५ पासून चारही अनुदानांसाठी मिळून एकच आराखडा करावा लागतो: कन्सॉलिडेटेड प्लॅन, खात्यातल्या बोलीत ‘कॉन प्लॅन’. तो तीन ते पाच वर्षांचा असतो आणि त्याखाली दर वर्षाचा अॅक्शन प्लॅन. तुमचं कार्ड या कॉन प्लॅनचं आहे.

रक्कम सूत्राने ठरते. किंबहुना दोन सूत्रांनी, आणि ज्यात जास्त मिळेल ते लागू होतं. पहिल्यात लोकसंख्या, गरिबी आणि दाटीवाटीची घरं. दुसऱ्यात गरिबी, लोकसंख्यावाढीतली पिछाडी आणि १९४० पूर्वी बांधलेली घरं. या दुसऱ्या सूत्रात जुन्या घरांना निम्मं वजन आहे. ते १९७७ साली ईशान्येकडच्या खंगत चाललेल्या शहरांसाठी आलं. गंमत अशी की जुनं घर म्हणजे पडकं घर, हे समीकरण आता कुठे टिकलंय? शंभर वर्षांचे देखणे बंगले जपून ठेवलेली सधन उपनगरं आजही त्या निकषावर गुण मिळवतात. असो. २०२४ साली देशभरासाठी सीडीबीजीचे सुमारे ३.३ अब्ज डॉलर होते, आणि त्यात वाटेकरी बाराशेच्या आसपास शहरं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), शिवाय राज्यं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या चारही बजेटांत हा आकडा शून्यावर आणायचा प्रस्ताव होता. काँग्रेसने तो चारही वेळा बाजूला ठेवला.

महानगर क्षेत्रातल्या ५०,००० वर लोकवस्तीच्या शहराला पैसे थेट मिळतात. एडिसनसारखी लाखावर वस्तीची टाउनशिप आपला वाटा स्वतः घेते. लहान गावं बहुधा काउंटीशी तीन-तीन वर्षांचा करार करून तिच्या वाट्यात सामील होतात. तुमच्या कार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता टाउनशिपचा आहे की काउंटीचा, ते आधी बघा. काउंटीचा असेल तर टाउनशिपच्या मीटिंगमध्ये कितीही घसा फोडलात तरी निर्णय दुसऱ्याच इमारतीत होणार.

आता हिशेब. समजा तुमच्या टाउनशिपला वर्षाला ८ लाख डॉलर मिळतात. नियोजन आणि कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. बहुतेक जण तेवढा घेतातच, १ लाख ६० हजार गेले. सार्वजनिक सेवा, म्हणजे ज्येष्ठांची व्हॅन, जेवणाचे डबे, मुलांची शिकवणी, या सगळ्यांना मिळून १५ टक्क्यांची मर्यादा: १ लाख २० हजार. उरलेले ५ लाख २० हजार विटा-सिमेंटसाठी: घरदुरुस्ती, फूटपाथ, उतार, सेंटरचं छप्पर. एक जुनं घर ४० हजारांत दुरुस्त होतं असं धरलं आणि सगळे पैसे तिथेच ओतले, तरी तेरा घरं. आणि कार्डावर तुम्ही पाच डोंगरांना क्रमांक देत बसलात.

नव्या घरांचं बांधकाम सीडीबीजीत साधारणपणे बसतच नाही, काही अपवाद सोडले तर. ते काम ‘होम’चं, आणि ‘होम’चे पैसे लहान शहराच्या वाट्याला अनेकदा येत नाहीत, काउंटीबरोबर गट करावा लागतो. तरीही दर सर्वेक्षणात ‘परवडणारी घरं’ पहिल्या क्रमांकावर येतात. लोकांचं चुकत नाही, गरज तीच आहे. पण ज्या पेटीत ते चिठ्ठी टाकतात त्या पेटीतून ती वस्तू मिळत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. मीही पहिली काही वर्षं सांगितलं नाही, याची आता लाज वाटते.

कायद्याची अट अशी की एक ते तीन वर्षांचा जो काळ शहर निवडेल त्यात किमान ७० टक्के खर्च कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतचं उत्पन्न असलेली माणसं, आमच्या भाषेत ‘लो-मॉड’. घर दुरुस्त करायचं तर त्या कुटुंबाची कागदपत्रं तपासायची. फूटपाथवरून मात्र कोणीही चालतो, म्हणून तिथे वस्तीचा हिशेब: त्या परिसरातले किमान ५१ टक्के रहिवासी लो-मॉड हवेत. फारशा गरीब वस्त्या नसलेल्या सधन गावांना ही पातळी थोडी खाली मिळते. ही टक्केवारी जनगणना खात्याच्या ब्लॉक ग्रुपांवरून, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या वस्तीच्या लहान तुकड्यांवरून काढतात. एकाच रस्त्याची डावी बाजू बसते आणि उजवी बसत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. एका गल्लीत आमचा नकाशा ४८ टक्के सांगत होता. आम्ही दोघं जण प्रश्नावली घेऊन दारोदार गेलो. तिसऱ्या घरातल्या बाईंनी दार न उघडता आतूनच विचारलं, “तुम्हाला माझा पगार कशाला हवा? फुटलाय तो फूटपाथ, मी नाही.” बरोबरच होतं त्यांचं.

ताई, तुम्ही ज्याला प्राधान्य म्हणता आणि आराखड्यात जे प्राधान्य म्हणून छापलं जातं, त्यात अंतर आहे. हडच्या संगणकी नमुन्यात प्रत्येक गरजेसमोर दोनच पर्याय असतात: ‘हाय’ किंवा ‘लो’. मी हाताळलेल्या पहिल्या कॉन प्लॅनमध्ये सत्तावीस गरजा होत्या आणि सत्तावीसही ‘हाय’. कुणालाच नाही म्हणायचं नव्हतं. ‘लो’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी त्या विषयातली संस्था मेयरच्या दारात. परिणाम असा की सेवांचे पैसे चौदा संस्थांना सहा-सहा, सात-सात हजारांनी वाटले गेले. खिरापत! प्रत्येक संस्थेशी करार, तिमाही अहवाल, वर्षाला एक तपासणी. एका शिकवणी वर्गाला दिलेल्या साडेसहा हजारांचा हिशेब तपासायला आमच्या माणसाचे जितके तास गेले, त्यांचा पगार अनुदानाच्या आसपास पोचला असावा. पुढच्या आराखड्यात आम्ही पाच गरजा ठेवल्या, किमान अनुदान २५ हजार केलं, आणि नऊ संस्थांचे रागावलेले चेहरे पाहिले. माझ्या मते तोच खरा पहिला आराखडा.

आता शीर्षकातला प्रश्न. घरदुरुस्ती आणि ज्येष्ठांच्या सेवा सर्वेक्षणात वर असूनही वर्षाच्या शेवटी पैसे फूटपाथवर का गेलेले दिसतात? कंत्राटदाराशी लागेबांधे असावेत, अशी शंका लोकांना येते. कधी असतीलही. पण नेहमीचं कारण कंटाळवाणं आहे. नियम असा की वर्ष संपायच्या ६० दिवस आधी तुमच्या खात्यात वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून जास्त पैसे पडून असता कामा नयेत. असले तर हडचं पत्र येतं, आणि परत परत आलं तर पुढचं अनुदान कापलं जाऊ शकतं. घरदुरुस्तीत पैसे जिरायला वेळ लागतो. कुटुंबाची पात्रता, मालकीचे कागद, पर्यावरण तपासणी. घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाची तपासणी: केंद्राचे पैसे घरामागे ५ हजारांवर गेले की तो धोका आटोक्यात आणावा लागतो आणि २५ हजारांवर गेले की पूर्ण काढून टाकावा लागतो. चाळीस हजारांच्या कामातले पंधरा खिडक्यांवरच उडतात. त्यात कंत्राटदार मधेच मोठं काम मिळालं म्हणून निघून जातो. फूटपाथ? एक निविदा, एक कंत्राट, चार ब्लॉक, अडीच लाखांचं एक बिल. मार्चमध्ये आकडेवारी बघून पोटात गोळा आला की मी स्वतः इंजिनिअरिंग खात्यात फोन लावून विचारलंय, “तयार नकाशे आहेत का कुठले?” हा प्राधान्यक्रम कोणत्याच आराखड्यात छापलेला नसतो. खर्चाच्या वेगाने तो ठरवलेला असतो.

म्हणून सुनावणीत ‘ज्येष्ठांकडे लक्ष द्या’ म्हणणारा आणि ‘अमुक काम, अमुक जागी, अमुक संस्था करायला तयार आहे’ म्हणणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरा माणूस माझा मार्चमधला फोन वाचवतो.

एक सुनावणी मला अजून लख्ख आठवते. मंगळवार, संध्याकाळचे सात, बाहेर बर्फाचा चिखल. पन्नास खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं तीन. त्यातले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या झाडाची तक्रार घेऊन आलेले. दुसऱ्या आजींनी पर्समधून सँडविचची झिपवाली प्लास्टिक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत खिडकीच्या चौकटीचे रंगाचे पापुद्रे, करवंटीच्या तुकड्यांसारखे वळलेले. नात दोन वर्षांची, ती खिडकीशी उभी राहून गाड्या बघते आणि हे तोंडात घालते, एवढंच म्हणाल्या. तीन मिनिटंही लागली नाहीत. आमच्याकडे शिशाच्या रंगाची आकडेवारी होती, कोष्टक होतं, ते कौन्सिलच्या फायलीत पडून होतं. ती पिशवी मात्र दोन कौन्सिल सदस्यांनी उचलून उजेडाकडे धरली. लहान मुलं असलेल्या घरांच्या खिडक्या हा स्वतंत्र उपक्रम त्या वर्षी आराखड्यात आला. तो संथच चालला, पण चालला.

कागदावर लिहिलेलं फुकट जात नाही, याचं एक मोठं उदाहरण तुमच्या शेजारच्या राज्यातलं आहे. हे अनुदान घेताना शहर किंवा काउंटी लिहून देते की घरांबाबतचा वंशभेद दूर व्हावा म्हणून आम्ही पावलं उचलतो. न्यू यॉर्कमधली वेस्टचेस्टर काउंटी वर्षानुवर्षं तसं लिहून देत होती. २००६ साली एका हक्कसंस्थेने दावा लावला की हे खोटं प्रमाणपत्र आहे, आणि खोट्या प्रमाणपत्रावर सरकारी पैसे घेणं म्हणजे सरकारची फसवणूक. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी काउंटीची प्रमाणपत्रं खोटी ठरवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ६ कोटी डॉलरच्या वरची तडजोड झाली, आणि बहुतांशी गोऱ्या वस्तीच्या गावांमध्ये ७५० परवडणारी घरं उभी करायचं काउंटीला कबूल करावं लागलं. आमच्या खात्यात त्या महिन्यात सगळ्यांनी आपापली प्रमाणपत्रं पहिल्यांदाच वाचून काढली असावीत.

आता तुमच्याकडे येतो. आधी हॉल. ज्येष्ठांचं सेंटर ही गोष्ट निधीत बसते. ज्येष्ठ माणसं लो-मॉडच आहेत असं नियमच गृहीत धरतो, पगाराचे कागद लागत नाहीत. पण इमारत खाजगी संस्थेच्या मालकीची असेल तर ती नेहमीच्या वेळात सर्वांसाठी खुली हवी. गणपती, दिवाळी आणि नाटकाच्या तालमीपुरती उघडणारी वास्तू बसणार नाही. शिवाय पैसे बहुतेक ठिकाणी आधी खर्च करून मग मागायचे असतात. मंडळाने हॉलचा नाद सोडावा आणि आधीच सेंटर चालवणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर आठवड्यातून दोन दिवसांचा कार्यक्रम मागावा, हे माझं स्पष्ट मत. एक मेख लक्षात ठेवा: सेवा नवी हवी किंवा आधीपेक्षा मोजता येईल इतकी वाढलेली हवी. टाउनशिपच्या पैशांवर आधीपासून चालणारी व्हॅन नुसती या खात्यावर ढकलता येत नाही.

आणि चौक. तुमचं कॉम्प्लेक्स ५१ टक्क्यांच्या वस्तीत बसेल असं मला वाटत नाही. ‘आमच्याकडे फूटपाथ करा’ म्हणालात तर तिथला कर्मचारी नकाशा बघून मान हलवेल. पण ज्येष्ठ आणि तीव्र अपंगत्व असलेल्या लोकांच्या ये-जा करण्यातले बांधकामाचे अडथळे काढणं हा प्रकार निराळ्या कलमात येतो. तिथे वस्तीची टक्केवारी बघत नाहीत. फूटपाथच्या कोपऱ्यावर उतार नाही आणि वॉकर चढत नाही, हा अगदी त्यातलाच अडथळा. तेव्हा ‘फूटपाथ’ हा शब्द वापरू नका. ‘ज्येष्ठ आणि अपंगांसाठी अडथळे दूर करणे’ ही आराखड्यात स्वतंत्र गरज म्हणून यावी, ‘हाय’ म्हणून, असं मागा. हे शब्द पाच वर्षांच्या आराखड्यात असले की कुठल्याही वर्षी तुमचा चौक त्याखाली घालता येतो. नसले तर आराखड्यात मोठा बदल, त्याची जाहिरात, पुन्हा ३० दिवस हरकती. आणि इतका खटाटोप एका कोपऱ्यासाठी कुठलं खातं करत नाही. खड्डे बुजवणं, गवत कापणं ही देखभाल आहे, ती या पैशांत मागू नका.

वेळ चुकवू नका. वर्षातून किमान दोन सुनावण्या घ्याव्याच लागतात, आणि आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होण्याआधी एक तरी. तुमच्या टाउनशिपचं वर्ष १ जुलैला सुरू होत असेल तर आराखडा ४५ दिवस आधी, म्हणजे मेच्या मध्याला, हडकडे जायचा. त्याआधी ३० दिवस हरकतींचे. म्हणजे मसुदा मार्च-एप्रिलमध्ये, आणि संस्थांचे अर्ज थंडीत कधीतरी. काँग्रेसचं बजेट रखडलं की हे सगळं पुढे सरकतं, हल्ली बहुधा सरकतंच. मसुद्यानंतरच्या सुनावणीत बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं: तुमचं म्हणणं आणि त्यावरचं खात्याचं उत्तर शेवटच्या परिशिष्टात छापलं जाईल, आकडे तेच राहतील. गरजांची पहिली सुनावणी शरद ऋतूत असते. तिची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि कोणी वाचत नाही, म्हणून कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्यात फोन करून तारीख विचारा. सुनावणीत बोलायला मतदार असावं लागत नाही.

जाताना चौकाचा फोटो न्या, फुटपट्टी लावून काढलेला: कडेची उंची किती इंच ते दिसू दे. सासऱ्यांना बरोबर न्या आणि शक्यतो त्यांनाच बोलू द्या, वॉकर घेऊन. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत बोलतील. प्रत्येक शहराला आपल्या लोकसहभागाच्या नियमावलीत लिहावं लागतं की इंग्रजी न येणारे बरेच रहिवासी येण्याची शक्यता असेल तर सुनावणीत त्यांची काय सोय केली जाईल. तुमच्या टाउनशिपने काय लिहिलंय ते मागून घ्या, आणि दुभाषा हवा हे आठवडाभर आधी ईमेलने कळवा. फोनवर सांगितलेलं तिथल्या फायलीत राहत नाही.